डावात कानडी बंद

टाल्कम पावडरचा वास आला की सास्तूरच्या लिंबाखालची ती उन्हाळी दुपार आठवते. पत्ते चिकटू नयेत म्हणून आम्ही पानांना पावडर चोळायचो. रमीला बसलेल्या चौघांत दोघं सख्खे भाऊ, घरात कानडी बोलणारे. त्यांनी एकमेकांना पानं सांगू नयेत म्हणून डावात कानडी बंद होती. थोरले अण्णा घामानं निथळत होते. धाकट्याकडं बघून ते हळूच म्हणाले, “नीरू.” “अण्णा, इशारा न्हाय चालायचा!” माझ्या शेजारचा खेकसला. धाकट्यानं खाली मान घालून पान ओढलं. अण्णा आडवे झाले ते उठलेच नाहीत. पत्ते मुठीतच होते. नीरू म्हणजे पाणी, हे धाकट्यानं अण्णांच्या मातीवरून परतताना सांगितलं, तेही मराठीत. मला आजही कानडी तेवढीच येते.