बाहेर वळणारी सीट

मंडळी, दुपारी धरमपेठेतल्या मॉडिफाइड गाड्यांच्या प्रदर्शनातून आलो आणि अजून जळून राहिलो!

माझ्या गाडीला नवे दिवे, रुंद चाकं, चकचकीत रंग. तरी सगळी गर्दी वाडीच्या एका म्हाताऱ्या काकांच्या जुन्या ॲम्बेसेडरभोवती. तिची पुढची सीट वळून दाराबाहेर येत होती.

मी खवचटपणे विचारलं, "काका, हे काहून केलं?"

"बायकोचा गुडघा वाकत नव्हता गा. तिले बसता यावं म्हणून ब्याऐंशी साली मीच केलं."

अशा गाडीपुढे आमच्या गाड्या नुसत्या रंगवून आणलेल्या वाटल्या.

तरीही शेवटी सगळ्यांनी आवडत्या गाडीला मत द्यायचं होतं, तेव्हा मी मत स्वतःच्याच गाडीला दिलं. काका जिंकले.

खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही कोणाला मत दिलं असतं?