हलकं बाळ, सोपं बाळंतपण

कल्पना करा, आत्ताच जन्मलेलं बाळ तुमच्या हातात दिलंय. ओलं, निसरडं. वजनकाट्यावर आधी कापड ठेवायचं, आकडा शून्यावर आणायचा, मग बाळ अलगद ठेवायचं. ते हातपाय झाडतं, आकडा नाचतो. तो थांबेपर्यंत तुमचा तळहात बाळाच्या छातीवर अधांतरी. टेकला तर वजन खोटं.

प्रसूतीच्या खोलीत हे काम एका बाईनं उभा जन्म केलं. सगळे तिला काटेमावशी म्हणत.

"मावशी, एकदा स्वतः चढा की काट्यावर," सिस्टर चिडवायच्या.

"मोडला तर तुमच्या पगारातून कापतील," मावशी म्हणायची.

बाळ अडीच किलोच्या आत भरलं की गुंडाळून दुधी काचेच्या दारातून पलीकडच्या खोलीत द्यायचं. तिथं मावशीला प्रवेश नव्हता. तिला दिसायचं ते अलीकडचं. थोराड बाळ अडलं की आईचा आकांत, रक्त, धावपळ. दोघीजणी तिच्या डोळ्यांदेखत गेल्या. हलकी बाळं मात्र चटकन बाहेर यायची. वर्षानुवर्षं हेच बघून तिच्या मनात गणित पक्कं बसलं: हलकं बाळ, सोपं बाळंतपण.

सून गरोदर राहिली तेव्हा हे गणित घरात आलं. सून कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीवर होती, दिवसभर वाफेत उभी. पोट दिसायला लागल्यापासून जिना चढताना तिला धाप लागायची. तपासणीत रक्त कमी निघालं, लोहाच्या गोळ्या मिळाल्या.

"गोळ्यांनी बाळ फुगतं," सासू म्हणाली. "आणि जेवतानाही जरा हात आखडता घे."

"आई, भूक लागते हो."

"अडलीस म्हणजे भूक विसरशील. मी बघितलंय, तू नाही."

मुलगा मध्ये पडला. "अगं, डॉक्टरांनी दिल्यात ना?"

"डॉक्टर येतात टाके घालायला. तोवर बाईला धरून कोण बसतं?"

गोळ्या फडताळात पडून राहिल्या, सून अर्धपोटी उठायला लागली.

कळा वेळेआधीच सुरू झाल्या. बाळ खरंच चटकन आलं. मुलगी. मावशीनं स्वतःच्या हातानं तिला काट्यावर ठेवलं. आकडा नाचलाच नाही; दीड किलोच्या जरा वर जाऊन गप्प थांबला.

सून दमून हसली. "आई, अडलं नाही बघा."

आजी म्हणून मावशीला पहिल्यांदाच काचेच्या दाराआत सोडलं. आत बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्याच पेट्या. प्रत्येकीत मुठीएवढी छाती वरखाली होत होती, काहींच्या नाकात नळी. कापडं तिच्या ओळखीची होती, तिनंच गुंडाळलेली. नात काही दिवस श्वासासाठी झगडली आणि गेली.

"गोळ्या घेतल्या असत्या तर?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"गोळ्यांनी बाळ फुगत नाही, मावशी. आईचं रक्त भरतं. रक्त कमी, पोट अर्धं, दिवसभर उभं राहणं, हे सगळं बाळाच्या अंगावर निघतं. एकट्या गोळ्यांनी ती वाचली असती, असं मात्र मी सांगू शकत नाही."

सून पुन्हा इस्त्रीवर जाते. घरी सासूशी कामापुरतं बोलते. मावशीही कामावर आहे. हलकं बाळ पलीकडे दिलं की ती दारातून हलत नाही.

"आता काय राहिलं, मावशी?" पलीकडची नर्स वैतागते.

मावशीला एवढंच विचारायचं असतं: मी आजवर दिलेल्यांपैकी किती घरी गेली?