चांगुणाबाईचा दगड

माझी सासू चांगुणाबाई सतरा वर्षं आपल्या नवऱ्याशी बोलली न्हाई. एका छपराखाली राहून, एका चुलीवरचं खाऊन, बिलकुल एक शब्द न्हाई. मी लग्न होऊन केदारखेड्याला आले तेव्हा मला वाटलं, म्हातारीला ऐकूच येत न्हाई. आठ दिवसांत कळलं, घरात सगळ्यात तिखट कान तिचेच. माझे सासरे तातेराव, मी त्यांना मामा म्हणायची, ते समोर ताटावर बसलेले असायचे आणि ही माझ्याकडं पाहून म्हणायची, "बेबीनंदा, त्या माणसाला सांग, भाकर थंडी होऊन राह्यली." त्यांना ऐकू गेलेलं असायचं, तरी मी सांगायची. न्हाई सांगितलं तर ही बाई ताटातली भाकर उचलायची. सून आणली होती की टपालवाली, देव जाणे!

भांडण एका दगडाचं होतं.

मामांच्या घरात कोपऱ्याला मरीआईचा दगड होता, गुडघ्याएवढा. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर थापून त्याचा नुसता लाल गोळा झालेला. नाक न्हाई, तोंड न्हाई, चांदीचे दोन डोळे तेवढे चिकटवलेले. त्याची पूजा आत्याबाईकडं, सासूला मी आत्याबाई म्हणायची. तिचा पहिला पोरगा पटकीनं गेला, दोन वर्षांचा. दुसरा, म्हणजे माझा नवरा वसंता, तो तरी जगावा म्हणून तिनं पहिल्याच्या हातातलं पितळी कडं दगडाच्या पाठीतल्या खाचेत बसवलं आणि वरून मेणात कालवलेला शेंदूर लिंपला. त्या पोराचं तेवढंच उरलं होतं.

मंग छप्पन साल आलं. सगळ्या वस्तीनं दीक्षा घेतली, आत्याबाईनंही घेतली. घराघरातले देव टाकायचे ठरले. घरातले देवांचे टाक तिनं स्वतःच्या हातानं टोपलीत आणून ठेवले. म्हणाली, "दगडही टाका, मी आडवी येत न्हाई. फक्त आजची रात थांबा. मपल्या पोराचं कडं काढू द्या."

एवढंच मागणं! पण मामा पडले वस्तीचे पुढारी. बाहेर लोक जमलेले. तातेरावानं मरीआई घरात लपवली असं कुणी म्हणालं तर? त्यांनी दगड खांद्यावर घेतला. ही उंबऱ्यात आडवी पडली. आणि हे बाबा टांग टाकून तिच्यावरून गेले! आमच्यात झोपलेल्या पोराला चुकून ओलांडलं तरी माणूस माघारी फिरून उलटं ओलांडतो, मंग दोष जातो म्हणतात. मामा माघारी फिरले न्हाईत. जयजयकारात दगड गावाबाहेरच्या जुन्या बारवेत गेला, आणि त्या दिवसापासून आत्याबाईच्या तोंडाला कुलूप लागलं.

मी पण तिच्या जागी असते तर बोलले नसते. बोलले नसते काय, उलथनं फेकून मारलं असतं.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात त्याच बारवेतला गाळ काढायचं सरकारी काम निघालं. मी घमेली वाहत होते, मामा खाली टिकाव मारत होते. चौथ्या दिवशी दगड वर आला. दोन दिवस उन्हात पडला आणि शेंदराचं कवच पुढून तडकून गळालं. आत मांडी घातलेले पाय, मांडीत ठेवलेले हात, मिटलेले डोळे, डोक्यावर बारीक कुरळे केस.

"बुद्ध!" कुणीतरी ओरडलं. मामा टिकाव टाकून वर धावत आले. सोळा वर्षं आम्ही कागदाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावत होतो, आणि दगडातला बुद्ध आम्हीच वाजतगाजत चिखलात बुडवला होता. कपाळ आमचं!

तेवढ्यात सर्जेराव पाटील आला. आमच्या घागरीची सावली बारवेवर पडली तरी अंगावर येणारा माणूस. म्हणतो कसा, "ही मूर्ती आमच्या देवळातली. या तात्यानं चोरली, पचली न्हाई म्हनून बारवेत टाकली." चोराच्या उलट्या बोंबा! पण दोन साक्षीदार बराबर घेऊन आल्ता. औरंगाबादहून वस्तुसंग्रहालयाचे साहेब पंचनाम्याला आले, सोबत पोलीस. पोलिसानं मामांना विचारलं, "टाकली का तुम्ही?"

"टाकली."

एवढंच बोलले. पोलिसानं लिहून घेतलं आणि म्हणाला, "चला ठाण्यावर."

आत्याबाई झाडाखाली मिसरी लावत बसली होती. मी तिच्या पाया पडले, म्हटलं, "आत्याबाई, आता तरी बोला, जेलात घालतील त्यांना." तिनं सावकाश चूळ भरली, तोंड पुसलं, मंग उठली.

"सायब, दगडाची पाठ फिरवा. शेंदराची एक खपली हाय, ती फोडा. आत लेकराचं कडं निघंल. मपल्या मेलेल्या पोराचं कडं पाटलाच्या देवळात कसं गेलं, ते विचारा त्यांना."

साहेबांनी चाकूच्या टोकानं खपली उडवली. आत कडं होतं, हिरवं पडलेलं. सर्जेराव धोतराचा सोगा झटकत असा निघाला, की त्याचे साक्षीदार मागं पळत गेले. पण कडं काही निघंना. इतकी वर्षं पाण्यात राहून खाचेत पक्कं धरून बसलेलं. ओढलं तर दगड फुटंल, म्हणाले साहेब. बुद्ध ट्रकमध्ये गेला आणि कडंही त्याच्यासोबत गेलं.

त्या संध्याकाळी मामा रडले. "बेबीनंदा, तिला सांग, माझं चुकलं."

"त्या माणसाला सांग," आत्याबाई चूल फुंकत म्हणाली, "बुद्धानं माफ केलं असंल. मी न्हाई." सुंभ जळला तरी पीळ गेला न्हाई.

पुढच्या वर्षी आम्ही तिघं एसटीनं औरंगाबादला गेलो. वस्तुसंग्रहालयात मूर्ती चौथऱ्यावर होती, पाठ भिंतीला लावून. आत्याबाईनं मूर्तीमागच्या फटीत हात घातला, तर पहारेकरी खेकसला, "ए बाई! हात काढ!" तिनं हात काढला. हाताला फक्त चुना लागला होता. ती दाराकडं वळली.

आणि दारात मामा आडवे पडलेले. पांढरं धोतर, टोपी बाजूला काढून ठेवलेली, उंबऱ्यात सरळ आडवे.

"चांगुणा, ओलांड मला. फिटू दे."

लोक थांबले, पहारेकरी शिव्या देत धावला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आत्याबाई त्यांच्यापाशी येऊन उभी राह्यली. मी सवयीनं पुढं झाले, निरोप घ्यायला. तिनं मला हातानं बाजूला सारलं.

"उठा," ती म्हणाली. थेट त्यांना. "मी न्हाई ओलांडत. माणूस ओलांडायची चीज न्हाई, एवढं तुमाला त्या दिशी कळलं असतं, तर मपल्या लेकराचं कडं आज मपल्या हातात असतं."