रेवदंड्याचा मनोरा आणि चुकलेली तर

लग्न होऊन मी रेवदंड्याला आले ती थेट रेडिओच्या मनोऱ्याखाली. समुद्रालगत आमची सरकारी खोली, शेजारच्या इमारतीत यांची नोकरी. दूरच्या मुख्य केंद्रातून रेडिओचा एक ठोका सुटायचा. तो पोचला की ठरलेला वेळ थांबून आमच्या केंद्राने आपला ठोका सोडायचा. भर समुद्रातलं जहाज दोन ठोक्यांमधला वेळ मोजून आपण कुठे आहोत ते ओळखायचं. यांनी हे मला जेवताना, घास हातात तसाच धरून सांगितलं होतं. "आपला ठोका जरासा सरकला तरी जहाज मैलभर चुकतं." तेव्हापासून मलाही धड बसवेना. यांना उशीर झाला की मी नुसती आतबाहेर करायचे.

पहिल्या बाळंतपणाला मला माहेरी, म्हसळ्याला न्यायला बाबा आले. ओहोटी लागायच्या आत खाडीपलीकडे नेणारी होडी, म्हणजे तर, गाठायची होती. बोचकं बांधून झालं, तरी हे निरोपाला येईनात. शेवटी मीच केंद्राच्या दाराशी गेले. हे पडद्यावरच्या हिरव्या रेषेला डोळे लावून बसलेले, सदरा घामाने पाठीला चिकटलेला.

"अहो, बाबा खोळंबलेत."

"ठोका सरकतोय," हे मागे न बघता म्हणाले. "ठोक्याच्या घड्याळाला सारखी ऊब लागते, ती पेटीत टिकत नाहीये. जहाजांना इशारा सुरू केलाय, आपल्यावर विसंबू नका म्हणून. दुसरं यंत्र तापेपर्यंत मला हलता येणार नाही. तुम्ही निघा."

बाबा चपला घालून अंगणात येरझाऱ्या घालत होते. "पोरीला वाटेला लावायला घटकाभर येता येत न्हाय?"

"जहाजं चुकतील, बाबा."

"आपली तर बी चुकंल."

ते खरं होतं, पण माझं पाऊल उचलेना. "यांना बघितल्याशिवाय मी नाही येत," मी म्हटलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, बोचकं खाली ठेवलं आणि पुन्हा फेऱ्या मारू लागले.

हे आले तेव्हा खाडीतला चिखल उघडा पडला होता. दुसरं यंत्र लागलं होतं, ठोके जुळले होते. बाबा मला म्हणाले, "भात वाढ त्यांना. कवाचं उपाशी हायत."

आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो. मुलगी झाली. बारशाला हे आले, तिला मांडीवर घेतलं आणि लगेच परतीच्या गाडीची चौकशी करू लागले. मी रागावले.

"जाऊ दे त्यांना," बाबा म्हणाले. "बसवलं तरी बसायचं न्हाईत."