केविनचा सल्ला

मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी जवळजवळ सगळं सांगते. सासूबाईंनी दिलेली साडी मैत्रिणीला देऊन टाकली, हे सांगितलं. त्याची नवी गाडी दुकानाच्या पार्किंगमध्ये खांबाला मीच घासली, हेही सांगितलं — थोडं उशिरा, पण सांगितलं. ही एक गोष्ट मात्र तोंडातून कधी बाहेर पडली नाही. त्याच्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवी होती तिच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून बहुधा जमेल.

गोष्ट तशी मजेची आहे. निदान सुरुवात तरी.

आमची मुलगी रेवा कॉलेज संपवून वर्षभर टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला, आमच्याकडे राहत होती. मेडिकलचे अर्ज भरून झाले होते आणि दोन ठिकाणांहून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं होतं. एक कॉलेज घरापासून गाडीने पाऊण तासावर. दुसरं पार ईशान्येला, बर्फाच्या प्रदेशात, विमानानेच जावं लागेल असं. दोन्हीकडे ‘मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू’ — घरात आम्ही नुसतं एमएमआय म्हणायचो. म्हणजे एका मोठ्या मुलाखतीऐवजी लागोपाठ छोट्या छोट्या मुलाखती. दारावर कागद, त्यावर एक प्रसंग. तो वाचायचा, दार उघडायचं आणि आत जो कोणी असेल त्याच्याशी बोलायचं. आत कधी प्रश्न विचारणारे असतात, कधी चक्क नट. घंटा वाजली की पुढचं दार.

त्या दिवसांत शनिवारी सकाळी आमचं घर ओळखू यायचं नाही. पँट्री, लाँड्री रूम, गराज — प्रत्येक दारावर रेवाने कागद चिकटवलेला. मिलिंद देवघरातली घंटा हातात घेऊन हॉलमध्ये उभा. एकदा आम्ही त्याला चिडलेल्या पेशंटचं काम दिलं. पण मिलिंदला चिडता येत नाही. ‘दोन तास बसवून ठेवलंय मला,’ हे तो इतक्या अजिजीने म्हणाला की रेवा वॉशिंग मशीनला टेकून हसत सुटली.

आणि मी? मी चुका काढायचे. ते माझं पोटापाण्याचंच काम आहे — मी सॉफ्टवेअर टेस्टर, प्रोग्रॅममधले बग, म्हणजे चुका, शोधणारी. ‘बेसिकली’ किती वेळा म्हणालीस, समोरचा बोलत असताना खाली का बघितलंस, असं सगळं मी तिला सांगायचे आणि ती ऐकायची. बावीस वर्षांची मुलगी आईचं ऐकते, हे किती घरांत होतं? तिचा माझ्यावर विश्वास होता. ‘आईला बग सापडला नाही, म्हणजे बग नाही,’ असं ती मैत्रिणींना सांगायची. हे लक्षात असू द्या.

आमच्या गल्लीत ठोंबरे काका राहतात. मूळचे नागपूरचे. ओक्लाहोमातल्या एका छोट्या गावात जन्मभर छातीचे डॉक्टर होते, निवृत्त झाल्यावर मुलाच्या जवळ म्हणून इकडे आले. सुमनकाकू आदल्या वर्षी गेल्या, तेव्हापासून एकटेच असतात. नटाचं काम कराल का विचारलं, तर त्यांनी इस्त्रीचा शर्टच घातला.

त्यांना गराज दिलं होतं. दारावरचा प्रसंग असा : गाडी मागे घेताना शेजाऱ्याचं मांजर तुमच्या गाडीखाली आलं, शेजाऱ्याला जाऊन सांगा. काका फोल्डिंग खुर्चीवर बसले होते. रेवा आत आली, तेव्हा हसून म्हणाले, ‘आमचं मांजर दिसलं का गं कुठे?’ तिने सांगितलं. दोन साध्या वाक्यांत, आढेवेढे न घेता. काकांनी तोंड झाकून घेतलं — अगदी नाटकातल्यासारखं. मी कोपऱ्यात उभी होते, आता ती सॉरीचं भाषण करणार म्हणून वाट बघत. ती काही बोललीच नाही. रंगाचा रिकामा डबा उलटा करून त्यांच्याशेजारी बसली आणि गप्प राहिली. मला वाटलं, विसरली. मग हळूच तिने विचारलं, ‘काका, नाव काय होतं त्याचं?’

कागदावर मांजराला नाव नव्हतं. काका म्हणाले, ‘सुमन.’

आणि मग ते खरंच रडले. आतून मिलिंदने घंटा वाजवली, परत वाजवली. कोणी हललं नाही. थोड्या वेळाने काकांनीच डोळे पुसले आणि म्हणाले, ‘मी तिला मांजर केलं हे कळलं, तर वर गेल्यावर माझी काही धडगत नाही.’ मग आम्ही तिघंही हसलो, चहा झाला, पोहे झाले. निघताना दारात काका मला म्हणाले, ‘स्मिता, हिला आता आणखी काही शिकवू नकोस. हे असं गप्प बसायला मला वीस वर्षं लागली.’

म्हणजे मला माहीत होतं. तिच्याजवळ काय आहे, ते मला सांगितलं गेलं होतं. नंतर मी जे केलं ते अजाणतेपणी केलं, असं म्हणायची सोय मला नाही.

त्याच आठवड्यात रेवा नाश्ता करताना त्या लांबच्या शहराचे फोटो दाखवत होती. तेच कॉलेज तिला हवं होतं. का, विचारलं तर म्हणाली, ‘आई, तिथे घरातून निघून चालत दुकानात जाता येतं. चालत, आई. यू डोन्ट गेट इट.’ फ्रिस्कोत दूध आणायला गाडी काढावी लागते, तिचं खोटं नव्हतं. मी फोटो बघत होते आणि मला दिसत होतं ते भलतंच — तिची खोली, नीट आवरलेली, कोणी न झोपणारी. तिला तिथे घेणार होते. गराजमध्ये मी पाहिलं होतं, घेणारच होते.

आणि मी म्हणाले — अगदी सहज, बटर लावता लावता — ‘अगं, माझ्या ऑफिसातल्या लिसाचा मुलगा केविन तिथेच शिकतो. तो म्हणत होता, त्या लोकांना गप्प बसलेलं आवडत नाही. नट रडायला लागला तरी बोलत राहायचं. उपाय सांगायचे, पटापट. शांत राहिलं की मार्क जातात.’

लिसा खरी आहे. तिला मुलगा नाही.

रेवाने भुवया उंचावल्या. ‘खरंच? दॅट्स सो वीअर्ड.’ पण आईला बग सापडला होता. पुढचे शनिवार आम्ही तो बग काढत होतो. ती गप्प झाली की मी टिचकी वाजवायचे. तिने केविनशी बोलायचं म्हटलं, तेव्हा मी त्याला परीक्षेला बसवलं. नंतर फ्लू केला. केविनला मी फार राबवलं.

मी हे थांबवू शकले नसते का? रोज शकले असते. रोज सकाळी ती समोर बसून सीरियल खायची.

तो इंटरव्ह्यू कॉम्प्युटरवर झाला, तिच्या खोलीत. मी कपड्यांच्या घड्या घेऊन बाहेरच्या पॅसेजमध्ये उभी होते. एका प्रसंगात कुठली तरी बाई रडत होती, तिचा आवाज दाराबाहेर येत होता. आणि त्यावर रेवाचा आवाज — झपझप, पहिला पर्याय, दुसरा पर्याय, सपोर्ट ग्रुप, काउन्सेलर. त्या बाईला हुंदका द्यायला जागा उरली नव्हती. तो माझ्या मुलीचा आवाज नव्हता, माझा होता. मी घड्या घेऊन तशीच खाली गेले.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘मी तिला रडूच दिलं नाही, आई.’ मी म्हणाले, छान झालं असेल.

तिथून नकार आला. ती दोन दिवस उदास होती, मग परत गाणी म्हणत अंघोळ करायला लागली. तिचा स्वभावच तसा. ठोंबरे काकांना मात्र पटेना. ‘हिला नाही म्हणाले?’ मग स्वतःशीच म्हणाले, ‘माझंच चुकलं. मी खरा रडलो, तिला सोपं करून ठेवलं. खडूस माणूस द्यायला हवा होता समोर.’ ऐंशीच्या घरातला माणूस माझ्या ओट्याशी उभा राहून माझी चूक स्वतःच्या अंगावर घेत होता, आणि मी त्यांना विचारलं, साखर किती.

जवळच्या कॉलेजच्या इंटरव्ह्यूआधी केविनने पुन्हा सल्ला दिला. टेक्सासमध्ये सगळं उलट असतं म्हणे, इथे शांत राहिलेलं चालतं. हो, एवढंही मी केलं. रेवा गेली, आपल्यासारखी वागली, आणि तिला घेतलं. मिलिंदने गल्लीभर पेढे वाटले. तिला केविनला थँक्यू म्हणायचं होतं, म्हणून मी त्याचं लग्न लावून त्याला सिअ‍ॅटलला पाठवून दिलं. मिलिंद अजून अधूनमधून विचारतो, केविनला मूलबाळ काही?

गेल्याच्या आधीच्या दिवाळीत काय झालं, ते सांगते. मराठी मंडळातल्या एका मैत्रिणीची मुलगी, ईशा, आमच्याकडे आली होती. तिला त्याच लांबच्या कॉलेजचा इंटरव्ह्यू आला होता. रेवा तिला मन लावून समजावत होती — तिकडे गप्प बसायचं नाही, बोलत राहायचं. मी चिवडा घेऊन आले ते ऐकलं आणि बोलून गेले, ‘नको गं, केविनचं ते चुकीचं होतं. मला नंतर कळलं. शांतपणे ऐकून घेतलेलं त्यांना आवडतं.’

ईशाने मान डोलावली. रेवाने माझ्याकडे पाहिलं.

‘नंतर म्हणजे कधी?’

‘झालं बरेच दिवस. सांगायचं राहून गेलं.’

ती चिडली नाही, हसली नाही. नुसती बघत राहिली, अगदी मऊ नजरेने, मला हवा तेवढा वेळ देत. ठोंबरे काका त्या गराजमध्ये कसे फुटले असतील ते मला तेव्हा कळलं. मी सगळं सांगून टाकणारच होते. आणि मी ईशाला विचारलं, ‘तिखट नाही ना झाला चिवडा?’

ईशाला तिथे प्रवेश मिळाला. आता ती बर्फातले फोटो पाठवते. रेवा ते मोठे करून बघते आणि मला दाखवते, ‘बघ, हे तिचं दुकान, चालत जाते ती.’ मी बघते.

रेवा इथे आनंदात आहे. मार्क चांगले आहेत, मित्र चांगले आहेत, एक फार उंच मुलगाही आहे, ज्याबद्दल आम्हाला माहीत नाही असं ती समजते. तिथे ती जास्त आनंदात असती का? कोणास ठाऊक. ते बघायचा हक्क तिचा होता, आणि तो मी बटर लावता लावता काढून घेतला. सगळं छान झालं म्हणून ते कमी होत नाही. तसं मनाला समजावूनही बघितलंय, कमी होत नाही.

आणि आता उरलेलं, जे मलाच बोलायला अवघड जातंय. मला वाईट वाटतं का? सोमवारी वाटतं. बुधवारी, मीटिंगमध्ये बसल्या बसल्या, फारच वाईट वाटतं. पण रविवारी सकाळी गराजचं दार वर जाताना ऐकू येतं, कॉलेजजवळच्या खोलीवरून आलेली ती धुवायच्या कपड्यांची भलीमोठी पिशवी ओढत आत येते, चपला कुठेही टाकते आणि विचारते, ‘आई, खायला काय आहे?’ — त्या वेळी नाही वाटत. त्या वेळी मी फक्त खूश असते.