शेवटच्याचं जेवण होईपर्यंत

मी क्रूझवर बुफेला असतो. आमच्या वाडीत हे कुणाला नीट सांगता येत नाही. "म्हणजे वाढपी ना रे?" असं विचारतात आणि मी आपला हो म्हणून मोकळा होतो. साथ येण्याआधी ते उत्तर चूक होतं. तेव्हा पाहुणे स्वतःच्या हाताने वाढून घ्यायचे. आम्ही रिकामा ट्रे उचलायचा, भरलेला ठेवायचा आणि सांडलेलं पुसायचं. साथीनंतर बुफेवर काच बसली, चिमटे आणि डाव आमच्या हातात आले, आणि पाहुणा काचेपलीकडून बोट दाखवायला लागला. म्हणजे आता मी खरोखरचा वाढपी झालो. वाडीचं म्हणणं खरं ठरलं, फक्त त्यासाठी जगभर साथ यावी लागली.

ती आली तेव्हा आमच्या जहाजाने पाहुणे उतरवले आणि आम्हाला घेऊन ते समुद्रातच उभं राहिलं. कुठलंच बंदर आम्हाला जवळ करेना. एरवी आम्ही खालच्या मजल्यावर एका खोलीत दोघे-तिघे असायचो. आता प्रत्येकाला पाहुण्यांची एकेक खोली मिळाली, गॅलरीसकट. ज्या खोलीसाठी माणसं वर्षानुवर्षं पैसे साठवतात, ती मला फुकट! पहिले दोन दिवस मी घरी फोन करून गादी दाखवली, नळाचं गरम पाणी दाखवलं, गॅलरीतून समुद्र दाखवला. तिसऱ्या दिवसापासून दार बंद. जेवण डब्यात यायचं. दारावर टकटक व्हायची, आणणाऱ्याची पावलं लांब गेली की मी दार उघडायचो, जमिनीवरचा डबा आत घ्यायचो आणि दार लावायचो. असे अडीच महिने. समोर माणूस नाही, बंद दाराकडे बघत जेवायचं. चव कसली लागणार! कधी कधी जेवलो की नाही हे डबा उघडून बघायला लागायचं.

सुटलो एकदाचा, तर वाडीने चौदा दिवस शाळेत ठेवलं. आमची वाडी आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, पोलादपूर तालुक्यात. शाळा गावाबाहेर. बायको लेकीला घेऊन यायची, ताट पायरीवर ठेवून दारावर टकटक करायची, मागे सरकून आंब्याखाली उभी राहायची, मी ताट आत न्यायचो आणि दार लावायचो. लेक तेव्हा तीन वर्षांची होती. तिला वाटायचं, आपले बाबा शाळेत आहेत म्हणून येत नाहीत.

चौदा दिवस संपले, मी घरी आलो. आईने वडे-सागोती केली. सगळे गोल करून बसले आणि मला घास गिळता येईना. शेजारच्याचा श्वास, चावण्याचा आवाज, माझ्याकडे बघणारे डोळे. घाम फुटला. मी ताट उचललं, आतल्या खोलीत गेलो आणि दार लावून जेवलो. तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं. काळजी घेतो हो, शहाणा आहे!

साथ ओसरली, माझं शहाणपण काही गेलं नाही. आमच्याकडे कुणाला नावं ठेवायची झाली तर 'दार लावून जेवणारी माणसं' म्हणतात. म्हणजे ज्यांच्याकडे वाटसरूला घोटभर ताक मिळणार नाही असं घर. आणि इथे मी रोज दार लावून जेवत होतो. आई शेजारणींना सांगायची, "त्याला पित्ताचा तरास हाय." बिचारीने माझ्यापायी किती खोटं बोलावं!

मग आम्ही बिरवाडीला खोली घेतली. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मला काम मिळालं. पाळी सुटली की शे-दोनशे माणसं भुकेली येऊन आदळायची आणि मी वाढायचो. वाढताना मला काही व्हायचं नाही. वाढणाऱ्याला कुणी विचारत नाही, तू जेवलास का म्हणून. संध्याकाळी घरी आलो की ताट घेऊन स्वयंपाकघरात, आणि दार बंद. जहाजं पुन्हा सुरू झाली, कंपनीचे निरोप यायला लागले. मी आज-उद्या करत राहिलो. जहाजावरच्या त्या खोलीची भीती वाटायची आणि खरं सांगायचं तर ओढही वाटायची. अडकलेल्या माणसाला पिंजऱ्याची सवय लागते हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

एका रविवारी बायकोने मला हळूच हाक मारली. लेक खेळत होती. तिने बाहुलीला कपाटात घातलं होतं, कपाटाचं दार लावलं होतं, बाहेर भातुकलीतली ताटली ठेवली होती. तिने दारावर टकटक केली आणि पळत लांब जाऊन उभी राहिली.

मी हसलो. बायको हसली नाही. ती महाडची, शिकलेली, उगाच आवाज चढवत नाही. म्हणाली, "शाळेतल्या बाईंनी बोलावलं होतं मला. ही डबा घेऊन कपाटामागे जाऊन बसते. कुणी जवळ गेलं तर झाकण लावते. घरातही काल ताट घेऊन मोरीत गेली आणि आतून कडी घातली."

मी कपाटाचं दार उघडायला गेलो, तर बायकोने मला थांबवलं.

"तुम्ही जहाजावर जा नाहीतर जाऊ नका, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण जायच्या आधी एकदा तिच्या शेजारी बसून पूर्ण जेवून दाखवा. मी शंभर वेळा सांगितलं तरी ती ऐकणार नाही. तिने तुम्हाला बघितलंय."

मी प्रयत्न केला. तीन संध्याकाळी बसलो. पहिल्या दिवशी दोन घास गेले. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी लेक टक लावून बघत होती आणि मी तिच्यावर खेकसलो, "बघतेस काय? जेव ना!" ती दचकली, तिने ताट उचललं आणि मोरीत गेली. कडीचा आवाज आला. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी चपला घालून बाहेर पडलो आणि नदीपर्यंत चालत गेलो.

त्याच सुमारास वाडीच्या सप्त्याचं निघालं. साथीमुळे दोन वर्षं सप्ता नुसता नावाला झाला होता. या वेळी महाप्रसाद जोरात करायचा असं ठरलं. मुंबई मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला, "पंगती बंद. आपण बुफे ठेवू, एकदम हायजेनिक. तू जहाजावरचा माणूस, तूच सगळं सेट कर." मी लगेच हो म्हणालो. दिवसभर वाढत राहायचं, यापेक्षा चांगली लपायची जागा कुठे मिळणार?

मी जहाजासारखी व्यवस्था केली. मांडवात टेबलं, टेबलांमागे टोप्या आणि हातमोजे घातलेली पोरं, मांडवाच्या तोंडाशी हात धुवायला नळाचा पिंप, आणि जमिनीवर दोन-दोन हात अंतराने पांढऱ्या फक्कीच्या रेघा. एकेका रेघेवर एकेकाने उभं राहायचं आणि पुढे सरकायचं. काल्याचं कीर्तन संपलं, वयाचा मान म्हणून म्हातारी माणसं आधी आली. सगळ्यात पुढे माझे थोरले चुलते. पत्रावळ हातात घेऊन ते रेघेवर उभे राहिले.

"बसायचं कुठं?"

"बसायचं नाही, काका. इथून घेत घेत पुढे जायचं. उभ्याने."

त्यांनी पत्रावळीकडे बघितलं, मग माझ्या टोपीकडे. "देवाच्या दारात हात पसरून उभं ऱ्हायचं? अरे, माज्या दारात भिकारी आला तरी मी त्याला बसवून जेवू घातला." आणि ते जिथे उभे होते त्याच रेघेवर मांडी घालून बसले. मागचा त्याच्या रेघेवर बसला. त्याच्या मागचाही. बघता बघता अख्खी रांग खाली बसली, प्रत्येक जण बरोबर आपापल्या फक्कीवर. सेक्रेटरी माइकवरून ओरडायला लागला, "मंडळी, रांगेत उभे राहा! रांगेत!" एक म्हातारी म्हणाली, "रांगंतच बसलाव की रे, बाला. आता वाढ."

काय करता! आम्ही टेबलांमागून बाहेर आलो आणि बादल्या उचलल्या. पंगत झाली. अंतर मात्र जहाजावरच्यापेक्षा नेमकं होतं.

चार पंगती उठल्या. भात, आमटी, बटाट्याची भाजी, बुंदी. जहाजावर पाहुणा बोट दाखवेल तेवढंच द्यायचं, वर एक चमचा नाही. इथे पत्रावळीवर हात आडवा धरणाऱ्याच्या बोटांच्या फटीतून मी बुंदी सोडत होतो आणि लोक खोटं खोटं रागावत होते. कितीतरी दिवसांनी मी आनंदात होतो. साडेतीन वाजले आणि वाढणाऱ्यांची पंगत बसली.

मी म्हणालो, टोप आवरायचेत. थोरल्या काकांनी माझ्या हातातली बादली काढून घेतली. वाढप्यांना घरच्या वडीलमाणसाने वाढायचं ही आमच्याकडची रीत. बायकोने लेकीला आधीच रांगेत बसवलं होतं, तिच्या शेजारची पत्रावळ रिकामी ठेवून. लेक माझ्याकडे बघत होती. मी जाऊन बसलो.

पहिला घास तोंडातच फिरत राहिला. मी सवयीने दार शोधलं. मांडवाला दार कुठलं! चारी बाजू मोकळ्या होत्या आणि तरी मला उठता येत नव्हतं, कारण आमच्या पंगतीत शेवटच्याचं होईपर्यंत कुणी उठत नाही. मधूनच उठणं म्हणजे सगळ्या रांगेचा अपमान. बाकीच्यांची जेवणं दहा मिनिटांत उरकली. पहाटेपासून राबलेली माणसं, पाठी मोडून आलेल्या. हात पत्रावळीवर तसेच धरून बसून राहिली. कुणी मला घाई कर म्हणालं नाही, कुणी राहू दे म्हणालं नाही. काका बादली घेऊन जवळून गेले आणि एवढंच म्हणाले, "सावकाश होऊ दे." मला त्या क्षणी त्या सगळ्यांचा भयंकर राग आला. अडीच महिने त्या खोलीत मी इतका कोंडलो नव्हतो.

लेकीचं बुंदीसकट संपलं होतं. "बाबा, उठू?" तिने विचारलं. समोरची काकू म्हणाली, "नाय गो बाय, बाबाचं व्हायचंय अजून." मग तीही बसून राहिली. तिच्या चिमुकल्या हातावरची आमटी वाळून पांढरी पडत चालली होती. मी खाल्लं. डोळ्यांतून पाणी येत होतं, नाक वाहत होतं, सगळ्या वाडीसमोर. समोरच्यांनी आपापसात महाडला जाणाऱ्या एस्टीचा विषय काढला, ती हल्ली वेळेवर येत नाही यावर सगळ्यांचं एकमत झालं. भाताचं शेवटचं शीत मी उचललं आणि म्हणालो, "झालं माझं." गुडघ्यांवर हात देत, कण्हत, अख्खी रांग उठली.

त्यानंतर लेक मोरीत गेली नाही. शाळेतही डबा सगळ्यांत बसून खायला लागली, असं बाईंनी कळवलं. दोन महिन्यांनी मी बॅग भरली.

जहाजावर आता पुष्कळ गोष्टी पूर्वीसारख्या झाल्यात. आमच्या मेसमधल्या टेबलांवरच्या प्लॅस्टिकच्या भिंती गेल्या. मेनू मात्र पाहुण्यांच्या मोबाइलवरच राहिला, मिठाच्या बाटल्यांऐवजी कागदी पुड्या राहिल्या आणि बुफेवरची काचही राहिली. आम्ही वाढलं की अन्न कमी वाया जातं हे कंपनीच्या लक्षात आलंय, त्यामुळे ती काही निघत नाही. मी कधी मेसमध्ये बसून जेवतो, कधी ताट खोलीत नेतो. बरा झालो असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

इकडे आल्यावर आठवड्याभराने बायकोचा मेसेज आला. लेक जेवून झाल्यावर ताटावरून उठत नाही. बाबाचं झालं का विचारते. सुरुवातीला आम्ही दोघं हसलो आणि मी लिहून टाकलं, "झालं." ती उठली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता रोजचंच झालंय. तिकडे त्यांची रात्रीची जेवणं उरकतात तेव्हा इकडे सकाळच्या बुफेची गर्दी असते. कामावर मोबाइल चालत नाही, म्हणून मी टेबलक्लॉथ ठेवायच्या खोलीत शिरतो आणि तेवढा एक शब्द पाठवतो. पोटात पहाटेच्या चहाशिवाय काही नसतं.

मध्ये एकदा भर समुद्रात नेट गेलं. दोन तासांनी आलं तेव्हा बायकोने पाठवलेला फोटो उघडला. लेक भिंतीला टेकून बसल्या जागी झोपली होती. पुढ्यात रिकामं ताट आणि त्याच्यावर तसाच धरलेला उजवा हात, कोपरापर्यंत आमटी वाळलेला. खाली बायकोने लिहिलं होतं, "उचलून नेऊ का? रागावेल. तुमचं खरंच झालंय का?"

मी लिहिलं, "झालं." आणि मग हातमोजे चढवून काचेमागे जाऊन उभा राहिलो.