बाबांचा जबडा

घणसोली गावातल्या आमच्या घरी सगळे म्हणायचे, पोरीनं बापाचा जबडा घेतलाय. खालचा जबडा वरच्याच्या पुढे. तोंड मिटलं तरी समोरचे दात एकमेकांना लागायचे नाहीत, फक्त मागच्या दाढा टेकायच्या. पावसुद्धा मी हातानं तोडून मागे सरकवायचे. तिशीत जेवताना एक दाढ चिरली. कानाजवळचा सांधा असा ठणकू लागला की क्लासमध्ये शिकवताना मध्येच गप्प व्हावं लागे.

वाशीच्या डॉक्टरबाईंनी माझ्या दातांचा प्लास्टरचा साचा माझ्या हातात दिला. नुसते दात नाहीत, हाडंच जुळत नाहीत, सगळा भार दाढांवर येतो आणि त्या अशाच जात राहतील, असं त्यांनी समजावलं. आधी तारा लावून दात आपापल्या हाडावर सरळ उभे करायचे, मग ऑपरेशन करून जबडा मागे न्यायचा. मधल्या काळात चेहरा आणखी बिघडलेला दिसेल, हेही त्यांनी सांगितलं. मी मान डोलावली.

पण इतकं बिघडेल असं वाटलं नव्हतं. खालचे दात पुढे आले, हनुवटी बाहेर निघाल्यासारखी दिसू लागली. 'स' म्हणताना हवा सुटायची. मी शिकवणं सोडलं. पेज आणि मऊ भात, तोंडावर ओढणी, आरशावर टॉवेल. ऑपरेशनची तारीख पुढे गेली त्या दिवशी मी मोरीत पक्कड घेऊन तार ओढायला लागले. गाल फाटला. आईनं बेसिनमधलं रक्त पाहिलं आणि बाबांना हाक मारली.

दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन वाशीला गेले. सगळं काढून टाका, मी डॉक्टरबाईंना म्हटलं. बाबांनीही दुजोरा दिला, मी पन असाच जगलो, माझं काय अडलं? बाईंनी वाद घातला नाही. बाबांनाच खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावलं. आत मोजक्याच झिजलेल्या दाढा उरल्या होत्या.

"चावता कसं?" बाईंनी विचारलं.

"गिलतो," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सगलेच गिलतात ना?"

जिना उतरताना बाबा म्हणाले, "तारा राहू दे."

ऑपरेशन झालं. वर-खाली रबरांनी जखडलेलं तोंड, सिरिंजमधून सूप, श्वास अडकेल ही सततची भीती. हे का करून घेतलं, असं मी पाटीवर लिहून आईला विचारायचे. ती नुसती पाठीवरून हात फिरवायची.

आता दात जुळतात. मी परत शिकवते. हनुवटी मात्र अजून बधिर आहे, डॉक्टरबाई म्हणतात कदाचित तशीच राहील. जेवताना तिथे आमटी ओघळली तरी मला कळत नाही. समोर बसलेले बाबा स्वतःच्या हनुवटीला बोट लावतात आणि मी पुसून घेते.